मुलीचा दमा आणि श्वसनाचे व्यायाम : सांगली-मिरजेतला आमचा अनुभव

माझ्या मुलीला सहाव्या वर्षापासून दमा आहे. लहानपणी घरातले सगळे त्याला बाळदमा म्हणत आणि मोठी झाली की जाईल, असा धीर देत. तो गेला नाही. नववीत आल्यावर त्याने वेगळेच रूप घेतले. जुलै २०२३ ते एप्रिल २०२५ या काळात छातीविकारतज्ज्ञ, फिजिओथेरपी विभाग, शाळा आणि शेवटी दहावीचे परीक्षा केंद्र अशी वाट आम्हाला चालावी लागली आणि त्या वाटेवर ती श्वसनाचे व्यायाम शिकली. या व्यायामांनी काय साधते आणि काय साधत नाही, हे नीट कळायला आम्हाला बराच वेळ लागला, म्हणून घडले तसे लिहीत आहे. मी डॉक्टर नाही. औषधांचे तपशील आमच्या मुलीपुरते आहेत आणि तुमच्या मुलांचे औषध त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायचे आहे.

त्या जुलैत भिंतींना ओल आली, कपाटातल्या कपड्यांना कुबट वास येऊ लागला आणि तिचा रात्रीचा खोकला वाढला. हे दर पावसाळ्यात होत असे. नवे एवढेच, की ती शाळेच्या खो-खो संघात होती आणि सरावानंतर दर वेळी निळा पंप, म्हणजे आकसलेल्या श्वासनलिका लगेच मोकळ्या करणारे औषध, घेऊ लागली होती. पुढे ती सरावाआधीही घेऊ लागली, आणि वर्गात तोंडी परीक्षा असली की तेव्हाही. त्या पंपात २०० मात्रा असतात आणि वर्षाकाठी असे तीन किंवा अधिक पंप लागणे हे दमा आटोक्यात नसल्याचे, पुढे मोठा झटका येण्याचा धोका वाढल्याचे लक्षण मानतात, हे मला नंतर डॉक्टरांकडून कळले. आमच्या घरी तेव्हा दुसरा पंप संपत आला होता आणि तिसरा दुकानातून आणून ठेवलेला होता.

मिरजेतल्या छातीविकारतज्ज्ञांकडे ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यातला नंबर मिळाला. तपासणी फी ६०० रुपये आणि स्पायरोमेट्रीचे, म्हणजे फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजण्याच्या तपासणीचे, १,२०० रुपये वेगळे. नंबर लावतानाच एक गोष्ट विचारून घ्यावी, ती म्हणजे स्पायरोमेट्रीपूर्वी कोणते औषध किती तास बंद ठेवायचे. आम्हाला निळा पंप किमान चार तास आधी घेऊ नका, पण त्रास झाला तर मुळीच न थांबता घ्या आणि आल्यावर तसे सांगा, असे बजावले होते. तपासणीत नाकाला चिमटा लावून नळीत जोरात आणि शेवटपर्यंत फुंकायचे असते. हे तीन वेळा नीट जमावे लागते आणि मूल त्यात दमते. मग पंपाच्या चार मात्रा देऊन पंधरा मिनिटे थांबवले आणि पुन्हा फुंकायला लावले. पहिल्या सेकंदात बाहेर पडणाऱ्या हवेचे प्रमाण औषधानंतर १४ टक्क्यांनी वाढले. १२ टक्क्यांहून अधिक वाढ ही दम्याच्या बाजूने जाणारी खूण असते.

त्यानंतर तिला दम्याच्या नियंत्रणाची पाच प्रश्नांची चाचणी दिली. बाराव्या वर्षापासून ही चाचणी मुलाने स्वतः भरायची असते. एकूण गुण २५ आणि २० किंवा त्याहून अधिक मिळाले तर दमा आटोक्यात आहे असे धरतात. तिचे १४ आले. रात्री कितीदा जाग येते, या प्रश्नाला तिने दिलेले उत्तर मी वाचले तेव्हा पोटात तुटले, कारण त्यातल्या बऱ्याच रात्री तिने आम्हाला उठवलेच नव्हते.

श्वसनाच्या व्यायामांचा विषय मी त्याच दिवशी काढला होता. डॉक्टरांनी आधी तिला त्यांच्यासमोर पंप घ्यायला सांगितले. ती कळ दाबत होती एका क्षणी आणि श्वास आत घेत होती दुसऱ्या क्षणी, त्यामुळे बरेचसे औषध घशाच्या मागच्या भागावरच बसत होते. डॉक्टर म्हणाले, "आधी औषध नीट आत जाऊ द्या. श्वासनलिकांची सूज तशीच ठेवून व्यायाम केले तर उपयोग नाही." त्यांनी सकाळ-संध्याकाळचा, सूज कमी करणारा स्टेरॉइडचा पंप स्पेसर (पंपाला जोडायची प्लॅस्टिकची पोकळ नळी) लावून सुरू केला, प्रत्येक वेळी नंतर चूळ भरायला सांगितले आणि रोजच्या नोंदीसाठी पीक फ्लो मीटर (जोरात फुंकल्यावर हवा किती वेगाने बाहेर पडते ते दाखवणारे साधन) घ्यायला लावले. मीटर ६५० रुपयांना आणि स्पेसर ४०० रुपयांना पडला. आमच्या विम्यात बाह्यरुग्ण खर्च बसत नसल्याने यातले काहीच परत मिळाले नाही. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच निथळत ठेवावा. फडक्याने पुसला तर आतल्या प्लॅस्टिकवर स्थिर वीज तयार होऊन औषध तिथेच चिकटते.

याच सुमारास शाळेचा प्रश्न पुढे आला. तिच्या शाळेत मुलांनी औषध दप्तरात ठेवायचे नाही, कार्यालयात जमा करायचे, असा नियम होता. दम्याच्या पंपाला हा नियम लावणे धोक्याचे आहे, कारण मैदानापासून कार्यालयापर्यंत जाऊन, कुलूप उघडण्याची वाट पाहण्याइतका वेळ हाताशी असेलच असे नाही. मी मुख्याध्यापिकांच्या नावे अर्ज केला. त्याला डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडले आणि डॉक्टरांकडूनच लिहून घेतलेला एका पानाचा कृती आराखडाही जोडला. त्रास सुरू झाला तर किती मात्रा, किती वेळाने पुन्हा, आणि कोणत्या लक्षणांवर थेट रुग्णालय, एवढेच त्यात मराठीत लिहिलेले होते. पहिला अर्ज कोठे गेला ते कळले नाही. दुसऱ्या वेळी मी दोन प्रती नेल्या, एक दिली आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेऊन पोच ठेवली. कोणत्याही कार्यालयात हे करावे. मध्ये गणपतीची सुट्टी आली. सप्टेंबरच्या अखेरीस आमच्याकडून हमीपत्र लिहून घेऊन परवानगी मिळाली, आणि वर्गशिक्षिका व क्रीडाशिक्षक या दोघांनाही आराखड्याची प्रत मिळाली.

दिवाळीपर्यंत आम्ही नोंदी ठेवल्या. सकाळी औषधापूर्वी आणि रात्री, उभे राहून तीन वेळा फुंकायचे आणि त्यातला सर्वांत मोठा आकडा दिनदर्शिकेच्या चौकोनात लिहायचा. तिचा सर्वोत्तम आकडा ३४० निघाला. त्याच्या ८० टक्के, म्हणजे साधारण २७० च्या वर असेल तर हिरवा पट्टा, १७० पर्यंत पिवळा आणि त्याखाली लाल. आकड्याशेजारी ती त्या दिवशी काय वाटले तेही दोन शब्दांत लिहीत असे. डॉक्टरांनी व्यायामांची चिठ्ठी दिली ती या दोन शब्दांमुळे. सहामाहीच्या गणिताच्या पेपरच्या सकाळी तिने 'गुदमरतंय' असे लिहिले होते आणि आकडा होता ३३०. लक्ष्मीपूजनाच्या रात्री, १२ नोव्हेंबरला, गल्लीत फटाक्यांचा धूर कोंडला होता; तेव्हाही तिने 'गुदमरतंय' असेच लिहिले होते, पण आकडा २४० होता. एकाच शब्दाखाली दोन निराळ्या गोष्टी होत्या. धुराच्या रात्री श्वासनलिका आकसल्या होत्या आणि पेपरच्या सकाळी त्या मोकळ्या असूनही श्वास घेण्याची पद्धत बिघडली होती.

डिसेंबर २०२३ मध्ये आम्ही मिरजेतल्या एका रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात गेलो. नव्या रुग्णांसाठी आठवड्यातले ठरावीक वार होते. केसपेपरची खिडकी साडेआठला उघडत असे आणि त्यानंतर विभागात पुन्हा वेगळी नोंद करावी लागे. मूळ चिठ्ठी, स्पायरोमेट्रीच्या अहवालाची झेरॉक्स आणि मुलीचे वय अठराच्या आत असल्याने पालकाची सही, एवढे लागले. एका बैठकीचे १५० रुपये. नोंदणीनंतर पहिली बैठक मिळायला ख्रिसमस उजाडला. पुढच्या बैठका संध्याकाळच्या मिळाल्या, त्यामुळे शाळा बुडाली नाही. ही वेळ मागून घ्यावी लागते, आपणहून कोणी देत नाही.

फिजिओथेरपिस्ट मॅडमनी आधीचा सगळा इतिहास माझ्याकडून ऐकला आणि मग मला बाहेर बसायला सांगितले. मला ते थोडे लागले. नंतर मुलीनेच सांगितले, की आत दोघी खो-खोवर बोलत होत्या आणि बोलता बोलता मॅडम तिला न कळवता तिचे श्वास मोजत होत्या. मिनिटाला २४ भरले. त्या वयात शांत बसलेले असताना साधारण १२ ते २० असतात. तोंड किंचित उघडे, खांदे प्रत्येक श्वासाला वर, पोट जवळजवळ स्थिर. नायमेगेन प्रश्नावलीही तिच्याकडून भरून घेतली. ती १६ प्रश्नांची आणि ६४ गुणांची असते आणि २३ च्या वर गुण गेले की गरजेपेक्षा जास्त श्वास घेतला जात असल्याची शंका घेतात. तिचे २७ आले. ही प्रश्नावली मुख्यतः प्रौढांसाठी असल्याने आपण ती फक्त बोलणे सुरू करायला वापरतो, हेही मॅडमनी स्पष्ट सांगितले, आणि त्यामुळे माझा त्यांच्यावरचा विश्वास वाढला.

त्यांनी आम्हा दोघींना समजावले ते असे. भीतीने किंवा सवयीने माणूस भरभर आणि मोठे श्वास घेऊ लागला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. मग बोटांना मुंग्या येतात, डोके हलके होते, छाती आवळल्यासारखी वाटते. दम्याच्या मुलाला हे झटक्यासारखेच वाटते, म्हणून ते आणखी भरभर श्वास घेते. अशा वेळी घरातली मोठी माणसे काय म्हणतात? "मोठा श्वास घे." तिला नेमके हेच सांगायचे नाही, असे मॅडमनी बजावले. तिला श्वास मोठा करायचा नव्हता. तो लहान, संथ आणि नाकाने घ्यायला शिकायचे होते. कागदी पिशवी तोंडाला लावण्याचा जो उपाय लोक सुचवतात, तो दम्याच्या रुग्णाने कधीही करू नये.

व्यायाम दिसायला अगदी साधे होते. पहिल्या बैठकीत तिला उताणे झोपवून गुडघे दुमडायला लावले आणि पोटावर तिचीच कंपासपेटी ठेवली. श्वास आत जाताना पेटी वर आली पाहिजे आणि गळ्याजवळचा हात हलता कामा नये. सुरुवातीला उलटेच होत होते; पेटी खाली जात होती आणि खांदे कानाकडे चढत होते. बऱ्याच वेळाने पेटी नखभर वर आली तेव्हा ती हसली आणि हसण्यात पुन्हा सगळे बिघडले. ते जमू लागल्यावर दोन आकडे मोजत श्वास आत, चार मोजत बाहेर आणि मध्ये आपोआप येईल तेवढाच विराम. नंतर हेच बसून, मग उभे राहून, मग चालताना, शेवटी जिना चढताना. धाप लागल्यावर करायचा प्रकार वेगळा होता. कोपरे गुडघ्यांवर टेकवून पुढे झुकायचे आणि ओठांचा चंबू करून, गरम चहावर फुंकर घालावी तसा श्वास हळू सोडायचा. श्वास रोखून धरण्याची स्पर्धा मात्र मुळीच करायची नाही, हेही सांगितले, कारण या वयाच्या मुलांना तो मोह होतोच.

पहिली अडचण अगदी साधी निघाली. तिचे नाक ऍलर्जीमुळे कायम चोंदलेले असे, मग नाकाने श्वास घेणार कसा? डॉक्टरांनी नाकाचा फवारा सुरू केला आणि मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुवायला सांगितले. त्यासाठी पाणी आधी उकळून गार केलेलेच घ्यावे. यात दोनेक आठवडे गेले. ज्यांच्या मुलांना सर्दी पाचवीला पुजलेली आहे, त्यांनी व्यायाम सुरू करण्याआधीच हा विषय डॉक्टरांकडे काढावा.

दुसरी अडचण मी होते. सकाळी दहा मिनिटे, रात्री दहा मिनिटे, आणि दोन्ही वेळा माझा प्रश्न ठरलेला, "केलेस का?" जानेवारीत एका रात्री ती म्हणाली, "आई, तू विचारलंस की मला उलट जास्त दम लागल्यासारखं वाटतं." मॅडमकडे हे बोलले तेव्हा त्यांनी वेळापत्रक तिच्याच हाती द्यायला सांगितले. तिने सकाळचा व्यायाम सोडून दिला आणि त्याऐवजी शाळेच्या रिक्षात दोन्ही वेळा करायचे ठरवले, कारण तिथे कोणाला कळत नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला आजाराइतकाच आजार दिसण्याचा त्रास असतो, हे मला तेव्हा उमगले. रिक्षातला व्यायाम टिकला आणि पलंगावरचा गळाला.

या काळात सल्ले पुष्कळ आले. मृग नक्षत्राला हैदराबादला माशातून देतात ते औषध द्या, असे एका मावशींनी सांगितले. त्यांच्या मनातली काळजी मला कळत होती, पण आम्ही नको म्हटले. कपालभातीचा आग्रह अधिक होता. तिच्या आजोबांचा योगावर विश्वास आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम काढून प्राणायामाचा प्रयोगशाळेत अभ्यास सुरू केला, हे ते अभिमानाने सांगतात. मी तो विषय मॅडमपुढे मांडला. त्यांचे म्हणणे असे, की कपालभाती आणि भस्त्रिका यांत श्वास वेगाने आणि जोराने जातो, त्यामुळे हिच्या नळ्या चाळवू शकतात. भ्रामरी आणि कुंभक न करता, म्हणजे श्वास न रोखता, अनुलोम-विलोम चालेल, पण दमा शांत असतानाच. आजोबा आणि नात रविवारी सकाळी भ्रामरी एकत्र करू लागले, आणि त्या घरगुती तहाने सर्वांचे समाधान झाले.

मार्च २०२४ मध्ये, रंगपंचमीच्या आसपास, आम्ही तासगाव तालुक्यात माझ्या भावाकडे गेलो होतो. त्याची द्राक्षबाग आहे आणि बेदाण्याचे शेड आहे. बेदाण्याला पिवळा रंग यावा म्हणून गंधकाची धुरी देतात, आणि गंधक जळल्यावर सुटणारा सल्फर डायऑक्साइड दम्याच्या श्वासनलिका झटक्यात आकसवतो. धुरी चालू असताना मुलांपैकी कोणीतरी प्लॅस्टिकचा पडदा उचलला आणि तो उग्र, डोळे चुरचुरवणारा वास बाहेर आला. ती खोकत बाहेर पळाली. मी पोहोचेपर्यंत ती वाऱ्याच्या उलट दिशेला, बांधावर जाऊन बसली होती आणि स्पेसरमधून पंप घेत होती. एक मात्रा, मग सहा साधे श्वास, मग दुसरी, अशा चार. छातीतून शिट्टीसारखा आवाज मला उभ्या जागी ऐकू येत होता. माझी वहिनी घाबरून म्हणाली, "मोठा श्वास घे गं बाळा," आणि मुलीने बोलता येत नसल्याने हात हलवून नको अशी खूण केली. ती पुढे झुकली, कोपरे गुडघ्यांवर ठेवली आणि फुंकर घातल्यासारखा श्वास सोडत राहिली. मीटरवर २१० आले. वीस मिनिटांनी २६०. आराखड्यात होते त्याप्रमाणे तिने पुन्हा मात्रा घेतल्या आणि तासाभरात २९० पर्यंत आली. त्या संध्याकाळी डॉक्टरांशी फोनवर बोलून पुढच्या काही दिवसांचे औषध बदलून घेतले.

त्या दिवशी तिने क्रम बरोबर ठेवला. आधी धुरापासून दूर, मग पंप, आणि व्यायाम औषध लागू पडेपर्यंत सोबतीला. आकडा खाली असताना केवळ श्वसनाच्या व्यायामावर बसून राहणे धोक्याचे आहे. एक वाक्य सलग बोलता येत नसेल, बरगड्यांमधली कातडी श्वासागणिक आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा पंपाने उतार पडत नसेल, तर १०८ ला फोन करून रुग्णालय गाठायचे. हे आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवलेले आहे.

जून २०२४ च्या तपासणीत पाच प्रश्नांच्या चाचणीत तिला २१ गुण मिळाले. निळा पंप आता मुख्यतः खो-खोच्या सरावाआधी पंधरा मिनिटे, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे, एवढाच लागत होता आणि रात्रीची जाग क्वचित. सुधारणा नियमित औषधाची किती आणि व्यायामांची किती, हे वेगळे काढता येत नाही, असे डॉक्टर म्हणाले, आणि मला ते पटते. ब्रिटनमध्ये २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीबद्दल त्यांनी सांगितले. १६ ते ७० वयाच्या ६५५ रुग्णांत, श्वसनाचे प्रशिक्षण घेतलेल्यांचे रोजचे जगणे सुसह्य झाले, परंतु फुप्फुसांची क्षमता किंवा श्वासनलिकांची सूज यांत फरक पडला नाही. मुलांवरचे अभ्यास थोडे आणि लहान आहेत. म्हणून आमच्या घरी रोजच्या पंपाला पर्याय म्हणून या व्यायामांकडे कोणी पाहत नाही.

दहावीच्या वर्षी कागदपत्रांची शिकवण कामी आली. डिसेंबरमध्येच शाळेमार्फत केंद्रसंचालकांच्या नावे अर्ज दिला, त्याला ताजे वैद्यकीय प्रमाणपत्र जोडले आणि पोच घेतली. जुने प्रमाणपत्र चालणार नाही असे शाळेने आधीच सांगितले होते, त्यामुळे डॉक्टरांकडे एक फेरी वाढली. २१ फेब्रुवारी २०२५ ला पहिला पेपर होता. पर्यवेक्षकांनी पंप आणि स्पेसर पाहून घेतले आणि बाकावर ठेवू दिले. पारदर्शक पिशवीत दिल्याने तपासणीला वेळ लागला नाही. गणिताच्या दिवशी तिला पुन्हा गुदमरल्यासारखे झाले, तेव्हा तिने केंद्राच्या आवारात मीटर फुंकून पाहिला, आकडा ३३० च्या आसपास होता, आणि ती घंटा होईपर्यंत भिंतीला टेकून दोन-चारच्या मोजणीने श्वास घेत उभी राहिली. पंप तिने त्या दिवशी वापरला नाही.

एप्रिल २०२५ मध्ये डॉक्टरांनी रोजच्या पंपाची मात्रा प्रथमच कमी केली. पुढचे तीन महिने सकाळ-रात्र मीटरच्या नोंदी ठेवायच्या होत्या आणि आकडा पुन्हा पुन्हा २७० च्या खाली गेला तर पावसाळ्याची वाट न पाहता लगेच कळवायचे होते. फिजिओथेरपी विभागातला केसपेपर मॅडमनी बंद केला नाही. वर्षभरात गरज पडली तर नवी चिठ्ठी न आणता त्याच क्रमांकावर या, असे त्यांनी सांगितले. तो क्रमांक मुलीने तिच्या स्वतःच्या फोनमध्ये घालून ठेवला.